बेस घुमतो तो खोलीत : होम थिएटर, सॉफ्टवेअर आणि आपली स्लॅबची घरं

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, नवीन बांधलेलं घर दाखवताना वरच्या मजल्यावरची एक खोली आता आवर्जून दाखवतात : "ही थिएटरची." मोठा टीव्ही नाहीतर प्रोजेक्टर, पाच-सात स्पीकर आणि कोपऱ्यात सबवूफर, म्हणजे नुसता खर्ज वाजवणारा मोठा डबा. वास्तुशांतीला आलेले पाहुणे कौतुक करून जातात. मग काही दिवसांनी तक्रार सुरू होते आणि ती घरोघरी एकच असते. संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर मारामारीच्या प्रसंगाला खिडक्यांची तावदानं थरथरतात. कमी करावा, तर कोण काय म्हणालं ते पुन्हा कळत नाही. पिक्चर संपेपर्यंत रिमोट हातातून सुटत नाही.

दुकानदार म्हणतो, ॲम्प्लिफायर मोठा घ्या. मेव्हणा म्हणतो, स्पीकर बदला. इंटरनेटवर शोधलं की 'रूम करेक्शन' हे शब्द समोर येतात. एक सॉफ्टवेअर म्हणे खोलीचा दोष काढतं. खोलीचा दोष म्हणजे काय, आणि भिंतीला हात न लावता सॉफ्टवेअर तो कसा काढणार, हे मात्र सहसा कुणी उलगडून सांगत नाही. माझं मत आधीच सांगतो : हे सॉफ्टवेअर खरोखर कामाचं आहे, पण अर्ध्याच दुखण्यावर. उरलेल्या अर्ध्याचा इलाज आपल्या मराठवाड्याच्या शेतातच पिकतो.

## आधी खोली समजून घेऊ

स्पीकरमधून निघालेला आवाज थेट कानावर येतो, हे झालं एक. पण तो चारी भिंती, छत आणि फरशीवर आपटून पुन्हा पुन्हा कानावर येत राहतो. आपण ऐकतो ते या सगळ्याचं मिश्रण. सिमेंटचा गिलावा किंवा फरशी अंगावर पडलेल्या आवाजापैकी शंभरात दोन-तीन भागच शोषते, बाकीचा परत फेकते. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, लोक ज्याला सुताराची झोपडी म्हणतात त्या चैत्यगृहात, उभं राहून एक सूर लावला तर तो दगडी कमानींखाली रेंगाळत राहतो. प्रार्थनेला ते रेंगाळणं शोभतं. संवादाला नाही, कारण आधीचा शब्द विरण्याआधीच पुढचा त्याच्यावर येऊन पडतो.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता. छताला लाकडी तुळया आणि सर, एका बाजूला उघडी ओसरी, भिंतीशी धान्याची पोती, कोपऱ्यात गोधड्या-वाकळांची चळत. आवाज कुठे विखरायचा, कुठे मुरायचा, उरलेला अंगणात निघून जायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींनी जी माणसं गिळली, ती आठवण इथे अजून ताजी आहे. त्यामुळे लोक सिमेंट-लोखंडाच्या घरांकडे वळले हे योग्यच झालं. आवाजाच्या बाबतीत मात्र आपण मऊ, उघड्या घरातून कडक, बंद पेटीत राहायला आलो. त्यातच चकचकीत टाइल्स, काचेची सरकती दारं आणि पीओपीचं छत.

## पंचमीचा झोका आणि ३८ कंपनं

रेंगाळणं हा झाला एक दोष. दुसरा दोष खर्जाचा आहे आणि तो जास्त खोडसाळ आहे.

नागपंचमीला लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका आठवा. झोका मागे येऊन परत पुढे निघायच्या क्षणी हलकासा धक्का दिला, की दर खेपेला तो आणखी उंच जातो. ताकद फारशी लागत नाही, वेळ साधावी लागते. बंद खोलीत आवाजाचं असंच होतं. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. खोली १५ फूट लांब असेल, तर समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला ३० फूट चालावं लागतं. अशा फेऱ्या सेकंदात साधारण ३८ होतात. आता सबवूफरने नेमका सेकंदाला ३८ कंपनांचा सूर वाजवला, तर प्रत्येक नवा धक्का परत आलेल्या लाटेच्या वेळेवरच बसतो आणि तो एक सूर फुगत जातो. सेकंदाला होणाऱ्या कंपनांना हर्ट्झ म्हणतात. म्हणजे १५ फुटांची खोली ३८ हर्ट्झला घुमते.

हिशेब कुणालाही करता येईल. ५६५ ला, म्हणजे ११३० च्या निम्म्याला, खोलीच्या लांबीने, फुटांत, भागा. १२ फूट रुंदी असेल तर ४७ हर्ट्झ, १० फूट उंची असेल तर ५६-५७. हे तीन आकडे एकमेकांपासून लांब असले तर बरं. पण आपल्याकडे १० बाय १० ची खोली आणि १० फुटांवर स्लॅब हे माप सर्रास असतं. तिथे तिन्ही आकडे एकच येतात. तिन्ही बाजूंनी एकाच सुराला धक्के बसतात आणि ढोल-ताशा असो की स्फोट, सगळ्यातून एकच 'घुंम' ऐकू येतो. घर अजून कागदावर असेल, तर थिएटरची खोली चौरस ठेवू नका एवढं आर्किटेक्टला सांगा. हा सल्ला फुकट आहे आणि पुढच्या कुठल्याही यंत्राने याची भरपाई होत नाही.

तोच झोका पुढे जात असताना कुणी समोरून उलटा धक्का दिला, तर तो जागीच थांबतो. खोलीतही काही ठिकाणी परतणारी लाट आणि येणारी लाट एकमेकींना मारतात. १५ फुटांच्या खोलीत ३८ हर्ट्झचा सूर दोन्ही भिंतींशी सगळ्यात जोरात असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून एकाच सोफ्यावर बसलेल्या दोन भावांची भांडणं होतात. एक म्हणतो बेस जास्त, दुसरा म्हणतो बेसच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

## सॉफ्टवेअर करतं तरी काय

आधी ते मोजतं. बसायच्या जागी कानाच्या उंचीवर एक माईक ठेवायचा. स्पीकरमधून एक सूर निघतो, गुरगुरीपासून सुरू होऊन शिट्टीपर्यंत चढत जाणारा. कानाला ऐकू येणारा २० ते २०,००० हर्ट्झचा सगळा पल्ला तो काही सेकंदांत पार करतो. आपण काय पाठवलं ते सॉफ्टवेअरला पक्कं माहीत असतं आणि माईककडे काय पोहोचलं ते ते ऐकतं. दोन्हींतला फरक म्हणजे स्पीकर आणि खोलीने मिळून घातलेली भर. ती आलेखावर उंचवटे आणि खड्डे अशी दिसते.

मग ते अंतरं जुळवतं. समोरचा स्पीकर १० फुटांवर आणि मागचा ४ फुटांवर असेल, तर मागच्याचा आवाज साधारण ५ हजारांश सेकंद आधी पोहोचतो. सॉफ्टवेअर जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून ठेवतं. प्रत्येक स्पीकरची पातळीही सारखी करतं. शेवटी फिल्टर तयार होतात. फिल्टर म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या आसपासचा आवाज ठरावीक डेसिबलने कमी किंवा जास्त करण्याची आज्ञा. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. ३८ हर्ट्झला खोली १० डेसिबल फुगवत असेल, तर सॉफ्टवेअर सबवूफरला त्याच जागी १० डेसिबल कमी वाजायला सांगतं. धक्काच हलका दिला, की झोका बेताचाच जातो.

डेनॉन आणि मरांट्झच्या बऱ्याच रिसीव्हरांमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरांमध्ये, यासाठी ऑडिसी नावाचं सॉफ्टवेअर असतं. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून ते आलं. स्वीडनच्या उप्सालातून आलेलं डिरॅक लाटा पोहोचण्याच्या वेळेचीही दुरुस्ती करतं. यामाहाचं वायपाओही याच कामाचं. संगणक असलेल्या माणसाने मात्र सगळ्यात आधी ओळख करून घ्यावी ती रूम ईक्यू विझार्डची. जॉन मलकाही यांचं हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं आणि मोजमापासाठी फुकट मिळतं. रिसीव्हरमधली यंत्रणा आपलं काम उरकून 'झालं' म्हणते. हे सॉफ्टवेअर खोलीत काय चाललंय ते दाखवतं. आपल्या खोलीचा आलेख पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला, की दुकानदाराचे निम्मे सल्ले आपोआप गळून पडतात.

## संगणकातले फिल्टर स्पीकरपर्यंत कसे पोहोचतात

इथे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून थोडं थांबतो. रूम ईक्यू विझार्ड मोजतं आणि फिल्टर सुचवतं. पिक्चर लागलेला असताना आवाज सुधारण्याचं काम ते करत नाही. पिक्चर संगणकावरूनच लागत असेल, तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते फिल्टर वापरतं. त्यातही डॉल्बीचा संकेत, म्हणजे सगळ्या स्पीकरांचा एकत्र बांधलेला आवाज, संगणकाने न उलगडता तसाच रिसीव्हरकडे पाठवला, तर फिल्टर लागू होत नाहीत. संगणकाने आवाज उलगडूनच बाहेर द्यावा लागतो. सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीला लावायची स्टिक वापरत असाल, तर आवाज संगणकातून जातच नाही. तिथे रिसीव्हरमधली यंत्रणा, नाहीतर रिसीव्हर आणि सबवूफर यांच्यामध्ये बसणारा मिनीडीएसपीसारखा छोटा डबा, हेच मार्ग.

## "खड्डा भरून काढता येत नाही का?"

आलेख बघितल्यावर हा प्रश्न येतोच. उंचवटा कापला, तसा खड्डा भरायचा. पण दोन जण एकाच झोक्याला दोन्हीकडून सारख्या जोराने ढकलत असतील, तर दोघांचाही जोर दुप्पट केला तरी झोका हलत नाही. सबवूफरला जास्त वाजवलं, की भिंतीवरून परतणारी उलटी लाटही तेवढीच मोठी होते. खड्डा खड्डाच राहतो. शिवाय १० डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला दहापट ताकद लागते. ॲम्प तापतो, सबवूफरचा पडदा आपटतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून जाणकार उंचवटे कापतात आणि खोल खड्ड्यांच्या नादी लागत नाहीत.

खड्ड्यावर उपाय म्हणजे जागा बदलणं. आपल्याकडे दिवाण किंवा सोफा मागच्या भिंतीला टेकवायची पद्धत आहे आणि खर्ज सगळ्यात जास्त तिथेच साचतो. सोफा दीड-दोन फूट पुढे घेतला तरी फरक कळतो. बरोबर मध्यावर मात्र आणू नका. सबवूफरसाठी एक जुनी युक्ती आहे. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागी ठेवा, खर्ज असलेलं एखादं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने ओणवं होऊन फिरा. जिथे आवाज सगळ्यात सरळ, न फुगलेला ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. घरातले बघत राहतील, पण युक्ती पक्की आहे.

## "मग वरच्या सुरांचं काय? शब्द तर तिथेच असतात"

माणसाच्या बोलण्यातला अर्थ मुख्यतः व्यंजनांत असतो आणि त्यांचा आवाज हजार हर्ट्झच्या वर जास्त. तिथे सॉफ्टवेअरचा हात तोकडा पडतो. एका हद्दीखाली खोलीचं घुमणं राज्य करतं आणि त्या हद्दीच्या वर असंख्य लहान प्रतिध्वनींची गर्दी असते. जर्मन शास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ही हद्द ओळखली जाते. घरातल्या खोल्यांत ती साधारण २००-३०० हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या वर माईक जे ऐकतो आणि आपण जे ऐकतो, त्यांत फरक पडतो. आपल्याला दोन कान आहेत आणि त्यामागे मेंदू. थेट आलेला आवाज कुठला आणि भिंतीवरून आलेला कुठला, हे तो बऱ्यापैकी वेगळं करतो. एकटा माईक सगळं एकत्र मोजतो. त्याच्या सांगण्यावरून चांगल्या स्पीकरचे वरचे सूर बदलले, तर चांगलं असलेलं बिघडू शकतं. कॅनडाचे ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी हा इशारा वर्षानुवर्षं दिला आहे. पुष्कळ यंत्रणांत दुरुस्तीची वरची मर्यादा आपण ठरवू शकतो. ती ३००-५०० हर्ट्झवर ठेवून बघा.

रेंगाळणं तर फिल्टरला थांबवताच येत नाही. भिंतीवर आपटलेला शब्द परत फिरायचा राहत नाही. त्याला शोषणारं काहीतरी खोलीत हवं.

१८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळेना. शब्द पाच सेकंदांहून अधिक घुमत राहायचा. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या रात्री आणून तिथे मांडल्या. किती गाद्या ठेवल्या की घुमणं किती घटतं ते घड्याळ लावून मोजलं आणि सकाळ व्हायच्या आत त्या परत नेऊन ठेवल्या. खोलीच्या आवाजाचं शास्त्र तिथून उभं राहिलं.

गाद्यांची आपल्याकडे कमी नाही. परभणी, जालना, बीडचा कापूस घरात येतोच. लाकडी चौकट करून तिच्यात चार इंच जाडीचा पिंजलेला कापूस भरा, वरून विरविरीत सुती कापड लावा आणि भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून टांगा. भिंतीवर कुठे टांगायचं ते आरशाने कळतं. तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसला, तिथूनच पहिला प्रतिध्वनी येतो. तिथे चौकट हवी. एवढं करायचं नसेल तर आजीच्या चार-पाच पदरी गोधड्या चुणीदार टांगा, खाली जाड सतरंजी घाला, काचेला जड पडदा लावा. कापूस पेट घेतो, म्हणून बोर्ड आणि वायरिंगपासून लांब ठेवा आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात मात्र वेळ घालवू नका. पातळ पुठ्ठा फार काही शोषत नाही आणि झटकन पेटतो.

"मग खर्जही कापसानेच काढू, सॉफ्टवेअर कशाला?" ४० हर्ट्झची एक लाट २८ फूट लांब असते. तिला धरायला त्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे सात फूट जाडी लागेल. म्हणून खाली सॉफ्टवेअर आणि वर कापूस.

## "ऑटो सेटअप तर दुकानातल्या पोराने करून दिलाय"

दिला असेल. पण कसा, ते विचारा. माईक सोफ्याच्या पाठीवर ठेवला होता का? मग त्याने सोफ्यावरून उसळलेला आवाजही मोजला. एकाच जागी मोजून संपवलं का? मग ती एक जागा सुधारली आणि शेजारची कदाचित बिघडली. चांगल्या यंत्रणा सहा-आठ जागा मागतात, कारण सगळीकडे सारखा असलेला दोष कोणता आणि एकाच ठिकाणचा कोणता, हे तेव्हाच कळतं. पहिली जागा मुख्य आसनाची, बाकीच्या तिच्या आजूबाजूला फूट-दोन फुटांवर. माईक तिकाटण्यावर हवा, हातात नको. दुरुस्तीनंतर पडदे, गादी किंवा सोफा हलवला असेल, तर जुनं मोजमाप रद्द समजा.

मोजायची वेळही निवडावी लागते. उन्हाळ्यात दिवसभर कूलर चालू असतो, शेजारी गिरणी आणि रस्त्यावर ट्रॅक्टर. पंखा-कूलर बंद करून पहाटे किंवा रात्री उशिरा मोजा.

## "मोबाइलचा माईक चालणार नाही का?"

ढोबळ कल्पनेसाठी चालेल, दुरुस्तीसाठी नाही. मोबाइलचा माईक बोलणं टिपायला बनवलेला असतो. खर्ज तो बऱ्याचदा मुद्दाम कमी करतो, वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून. मोजमापाच्या माईकसोबत त्याच्या स्वतःच्या चुकांची फाइल येते. मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा यूएसबीवर चालणारा माईक त्यासाठी बराच वापरला जातो. काही हजार रुपये पडतात. चार-पाच मित्रांनी मिळून एक घेतला तर सगळ्यांच्या खोल्या मोजून होतात, कारण एकदा नीट मोजलं की तो महिनोन् महिने लागत नाही.

## "केलं सगळं, पण आता बेस कमी झाल्यासारखा वाटतोय"

हे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. इतके दिवस एका सुराच्या फुगवट्यालाच आपण बेस समजत होतो. तो गेला की आधी ओकंओकं वाटतं. लगेच बंद करू नका. आठवडाभर तसंच ऐका. ढोलकीच्या चाटीचा आवाज वेगळा आणि धुमाचा वेगळा ऐकू येऊ लागतो, आणि मोठ्या प्रसंगातही माणसाचं बोलणं दबत नाही. त्यानंतरही खर्ज कमीच वाटला, तर सबवूफरची एकूण पातळी तीन-चार डेसिबल वाढवा. चांगल्या खोलीतला आलेखही अगदी सपाट नसतो. खर्जाकडे थोडा चढा आणि वरच्या सुरांकडे हळूहळू उतरता असा तो बहुतेकांच्या कानाला आवडतो. वाढवायचं ते सगळं मिळून वाढवा, तो एक फुगवटा परत आणू नका. संवाद अजून मागे वाटत असतील, तर ज्यातून संवाद येतात त्या मधल्या स्पीकरची पातळी दोन डेसिबल वर घ्या आणि दुरुस्तीच्या आधीचा व नंतरचा असे दोन्ही आलेख सेव्ह करून ठेवा. पुढच्या खेपेला कुणी "ॲम्प बदला" म्हणालं, तर आधी ते त्याच्यासमोर ठेवता येतील.